गेम कोणत्या लाँचरवर घ्यायचा: नेट, लाईट आणि डिस्क बघून ठरवा

स्टीम, एपिक आणि जीओजी हे कॉम्प्युटरवरचे गेम विकणारे आणि चालवणारे प्रोग्राम, म्हणजे लाँचर. स्टीमवर घेतलेला गेम एपिकवर नेता येत नाही आणि एपिकवरचा सहसा जीओजीवर येत नाही. दुकान बदललं की त्याच गेमचे पुन्हा पैसे मोजावे लागतात. म्हणून लाँचरचा विचार पैसे भरण्याआधी करायला हवा. हिंगोली, परभणी किंवा अंबाजोगाईच्या आजूबाजूच्या गावात बसून खेळणाऱ्याने सूट किती टक्के हे नंतर बघावं. आधी तीन गोष्टी तपासाव्यात: नेट नसताना गेम चालू होतो का, अर्ध्यात लाईट गेली तर उतरलेला डेटा वाया जातो का, आणि मित्राच्या मशीनवरून गेम उचलून आणता येतो का.

लाँचर एकाच वेळी तीन कामं करतो. तो दुकान आहे, गेम उतरवून अद्ययावत ठेवणारा प्रोग्राम आहे, आणि हा गेम याच खात्याचा आहे की नाही हे तपासणारा पहारेकरीही आहे. लोक तुलना करतात ती दुकानाची. आपल्याकडे अडचण येते ती उरलेल्या दोन कामांत.

आधी नेटचा हिशोब

नेटचा वेग एमबीपीएसमध्ये सांगतात, म्हणजे मेगाबिट. गेमचा आकार मात्र गिगाबाइटमध्ये असतो. त्यामुळे वेगाला ८ ने भागायचं. ४० एमबीपीएसची फायबर लाइन असेल तर सेकंदाला ५ एमबी उतरतात आणि ५० जीबीच्या गेमला पावणेतीन तास लागतात. संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर शहरात हे सहज जमतं. पण रोज १.५ जीबीच्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट लावून तोच गेम उतरवायचा म्हटलं तर ३३-३४ दिवस लागतील, तेही फोनवर दुसरं काहीच केलं नाही तर.

दुकानाच्या पानावर जी जागा लिहिलेली असते ती गेम उलगडल्यावरची. उतरणारा डेटा दाबून पाठवलेला असतो, त्यामुळे बहुतेक वेळा तो कमी भरतो. खरा आकडा बघायला इन्स्टॉल दाबा, डाउनलोड्सच्या पानावर आकार दिसला की लगेच पॉज करा आणि मग ठरवा.

स्टीम: सोयी सगळ्यांत जास्त, पण सेटिंग्ज आधी बदला

कमी डेटावर आणि अधूनमधून जाणाऱ्या लाईटवर स्टीमच सगळ्यांत जास्त साथ देतं. व्हॉल्व्ह या कंपनीने ते २००३ साली आणलं. भारतात रुपयांतल्या किमती २०१५ पासून आहेत आणि यूपीआयने पैसे भरता येतात. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो.

यातल्या २ तासांचा अर्थ नीट समजून घ्या. गेमची खिडकी उघडी असलेला सगळा वेळ त्यात धरतात. पहिल्यांदा सुरू केल्यावर बरेच नवे गेम शेडर (चित्र काढायचे छोटे प्रोग्राम) तयार करत बसतात आणि जुन्या प्रोसेसरवर त्यातच अर्धा तास जाऊ शकतो. काही गेम मेनूत गेल्यावर आणखी डेटा उतरवायला लागतात, तो वेळही मोजला जातो. म्हणून गेम चालू ठेवून जेवायला उठू नका. पहिल्या तासातच ठरवा: आपल्या ग्राफिक्स कार्डवर धड चालतो की नाही.

आता सेटिंग्ज. स्टीम टाकल्याबरोबर सेटिंग्जमधल्या डाउनलोड्स या भागात जा. तिथे आपोआप होणाऱ्या अपडेटसाठी वेळ ठरवून देता येते. रात्री १ ते सकाळी ६ ही वेळ चांगली, कारण संध्याकाळी टॉवरवर गर्दी असते. ही वेळ फक्त आपोआप होणाऱ्या अपडेटला लागू होते. नवा गेम इन्स्टॉल केला की तो त्याच क्षणी उतरायला लागतो, त्यामुळे तो रात्री स्वतः सुरू करावा लागतो. शिवाय विंडोज झोपलं की डाउनलोडही थांबतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा, स्क्रीन बंद झाली तरी चालेल.

त्याच पानावर वेगाची मर्यादा घालता येते. घरात एकच वाय-फाय असेल तर लाइनच्या ७० टक्क्यांवर मर्यादा ठेवा, म्हणजे दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ अडकत नाही. गेम चालू असताना डाउनलोड होऊ देण्याची खूण काढून टाका. हॉटस्पॉटवाल्यांनी प्रत्येक गेमच्या प्रॉपर्टीज – अपडेट्समध्ये जाऊन ‘गेम सुरू करेपर्यंत थांब’ हा पर्याय निवडावा. याची एक किंमत आहे: मित्र लॉबीत थांबलेले असताना आपल्याला ८ जीबीचं अपडेट समोर येऊ शकतं. ऑनलाइन गेमसाठी हा पर्याय ठेवू नका, एकट्याने खेळायच्या गेमसाठी ठेवा.

डाउनलोडचा आलेख मध्येच शून्यावर येतो आणि डिस्कचा आलेख वर जातो, तेव्हा बरेच जण नेटवाल्याला फोन करतात. दोष नेटचा नसतो. स्टीम दाबलेला डेटा उतरवून लगेच उलगडतं आणि डिस्कवर लिहितं. जुनी हार्ड डिस्क किंवा दोन-चार कोअरचा प्रोसेसर मागे पडला की नेट त्याच्यासाठी थांबतं. अपडेटच्या वेळीही असंच होतं. ५०० एमबीचं अपडेट असलं तरी ३० जीबीची एक मोठी फाइल पुन्हा लिहावी लागू शकते, आणि तेवढी रिकामी जागा नसेल तर ‘डिस्कवर जागा नाही’ असा संदेश येतो. २५६ जीबीच्या एसएसडीवर निदान ४० जीबी मोकळी ठेवा, नाहीतर गेम दुसऱ्या डिस्कवर टाका.

मशीनमध्ये ८ जीबी रॅम असेल तर स्टीम जड वाटतं, कारण त्याच्या खिडक्या म्हणजे आतून एक ब्राउझरच आहे. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये लो बँडविड्थ मोड आणि लो परफॉर्मन्स मोड असे दोन्ही चालू करा. व्ह्यू मेनूतून स्मॉल मोड घेतला की फक्त गेमची यादी उरते. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप अ‍ॅप्समध्ये जाऊन स्टीमसकट सगळे लाँचर बंद ठेवा. तीन लाँचर मागे चालू राहिले की प्रत्येकी काही शे एमबी रॅम जाते, आणि ८ जीबीच्या मशीनवर गेम अडखळायला तेवढं पुरतं.

एकाच घरातल्या भावंडांसाठी स्टीम फॅमिलीज फायद्याचं आहे. सहा जणांपर्यंत एक कुटुंब करता येतं. एकमेकांचे बरेचसे गेम वापरता येतात आणि एकाच वेळी वेगवेगळे गेम खेळता येतात. एकच गेम दोघांना एकदम खेळायचा असेल तर दोन प्रती लागतात. ही सोय एका घरापुरती आहे, मित्रांच्या टोळीसाठी नाही. कुटुंबातून बाहेर पडलेल्याला दुसऱ्या कुटुंबात जायला, आधीच्या कुटुंबात आल्यापासून वर्ष होईपर्यंत थांबावं लागतं. आणि धाकट्याने तुमच्या प्रतीवर खेळताना चीट वापरलं तर त्या गेममध्ये बंदी तुमच्यावरही येते, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

मित्राकडून गेम आणायचा कसा

ज्याच्याकडे फायबर नाही त्याने हा भाग नीट वाचावा, कारण महिन्याभराचा डेटा इथे वाचतो. मित्राकडून फक्त फाइल येतात. खेळायला गेम तुमच्या खात्यावर असावाच लागतो.

दोन्ही मशीन एकाच घरात आणता आली तर स्टीमची स्थानिक नेटवर्कवरची बदली वापरा. सेटिंग्ज – डाउनलोड्समध्ये ‘स्थानिक नेटवर्कवरून गेमच्या फाइल पाठवणे’ हा पर्याय दोन्हीकडे चालू करा. दोघंही स्टीमवर मित्र असतील तर ‘फक्त मित्रांना’ एवढं पुरतं. दोन्ही मशीन एका राउटरला केबलने जोडा, दोन्हीकडे स्टीममध्ये लॉगिन करा, आणि देणाऱ्या मशीनवर गेम किंवा डाउनलोड चालू ठेवू नका. मग घेणाऱ्या मशीनवर नेहमीसारखं इन्स्टॉल दाबा. परवानगी तपासायला आणि फाइलींची यादी मिळवायला थोडं नेट लागतंच, त्यासाठी मोबाइलचं चालतं. वेग केबल आणि राउटरवर ठरतो. स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. त्यावर सेकंदाला साधारण ११ एमबी जातात आणि ५० जीबीला सव्वा तास लागतो. गिगाबिट पोर्ट आणि कॅट ५ई केबल असेल तर हेच काम डिस्कच्या वेगाने होतं. वाय-फायवर करायचं असेल तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा.

मित्र दुसऱ्या गावात असेल तर बाहेरची हार्ड डिस्क घ्या. ती एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असावी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि पेन ड्राइव्ह बहुधा त्याच फॉरमॅटमध्ये मिळतात. ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश आला तर कारण हेच, ड्राइव्ह खराब नाही. मित्राच्या मशीनवर स्टीमच्या फोल्डरमधलं स्टीमअ‍ॅप्स उघडा. त्यातल्या कॉमनमध्ये गेमचं फोल्डर असतं, ते पूर्ण कॉपी करा. घरी आल्यावर आपल्या कॉमनमध्ये त्याच नावाने पेस्ट करा आणि मग स्टीममधून इन्स्टॉल दाबा. आधीच्या फाइली सापडल्या की स्टीम त्या तपासतं आणि फरक असेल तेवढाच उतरवतं. नाव एका अक्षराने बदललं तर काहीच सापडत नाही आणि पहिल्यापासून डाउनलोड सुरू होतं. म्हणून तपासणीच्या वेळी डाउनलोड्सच्या पानावर नजर ठेवा. आकडा पूर्ण गेमएवढा दिसला तर ताबडतोब पॉज करा.

एपिकवर रीत उलटी आहे. आधी आपल्या मशीनवर गेम इन्स्टॉलला लावा, एक-दोन टक्के झाले की पॉज करून लाँचर पूर्ण बंद करा. मग तयार झालेल्या फोल्डरवर मित्राकडून आणलेलं फोल्डर पेस्ट करा, लाँचर उघडा आणि डाउनलोड पुन्हा चालू करा. तो फाइली तपासतो आणि उरलेलं तेवढंच घेतो. आधी फोल्डर ठेवून नंतर इन्स्टॉल लावलं तर फसण्याची शक्यता असते.

जीओजीवर एवढी खटपट नाही. संकेतस्थळावर आपल्या लायब्ररीत जाऊन गेमवर टिचकी मारली की ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवता येतो. मोठा गेम असेल तर एक ईएक्सई फाइल आणि अनेक बिन फाइली असतात. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा, एक जरी राहिली तरी इन्स्टॉल अर्ध्यात थांबतं. हा इन्स्टॉलर नेट न लागता, लाँचर न टाकता चालतो. संभाजीनगरात कॉलेजला असताना आपल्या खात्यावरचे गेम एका डिस्कवर भरून ठेवले तर सुट्टीत गावी घरच्या मशीनवर ते केव्हाही टाकता येतात. मात्र नवी आवृत्ती आली की ती स्वतः जाऊन आणावी लागते.

नेट तोडून तपासा

‘ऑफलाइन चालतो’ हे दुकानाच्या शब्दावर सोडू नका. गेम परत करण्याची मुदत असतानाच तपासणी करा. नेट चालू असताना स्टीममध्ये लॉगिन करा आणि पासवर्ड लक्षात ठेवण्याची खूण लावा. गेमचं अपडेट पूर्ण होऊ द्या, एकदा गेम सुरू करून मुख्य मेनूपर्यंत जा आणि बंद करा. मग स्टीम मेनूतून ‘गो ऑफलाइन’ करा, राउटर बंद करा, मशीन रीस्टार्ट करा आणि गेम चालवून बघा. अडलं तर बहुतेकदा दोन कारणं असतात. एक, अपडेट अर्धवट राहिलेलं असतं आणि स्टीम ते पूर्ण केल्याशिवाय गेम उघडत नाही. दुसरं, गेमला स्वतःचा वेगळा लाँचर किंवा वेगळं संरक्षण असतं.

हे दुसरं कारण विकत घेण्याआधीच कळतं. स्टीमच्या पानावर उजव्या बाजूला ‘इतर कंपनीचं खातं लागतं’ किंवा ‘इतर कंपनीचं डीआरएम’ (प्रत विकत घेतलेली आहे का हे तपासणारं संरक्षण) अशी पट्टी असते. डेनुवो नावाचं असं संरक्षण असेल तर पहिल्यांदा नेट लागतंच, आणि प्रोसेसर बदलला किंवा विंडोज नव्याने टाकलं तर पुन्हा लागू शकतं. युबिसॉफ्टचा गेम स्टीमवर घेतला तरी युबिसॉफ्ट कनेक्ट उघडतो, रॉकस्टारच्या गेमना त्यांचा लाँचर लागतो. म्हणजे दोन पहारेकरी, दोन पासवर्ड आणि दोन ठिकाणची अपडेट. गावातल्या नेटवर असे गेम घेताना दहा वेळा विचार करा.

एपिकच्या सेटिंग्जमध्ये ऑफलाइन वापराची एक खूण आहे, ती आधीच लावून ठेवा. तरी कोणता गेम ऑफलाइन उघडायचा हे गेमवर ठरतं. जीओजीवर हा प्रश्नच येत नाही: एकट्याने खेळायच्या गेमला तिथे पहारेकरी नसतो. सतत नेट नसणाऱ्याने गोष्टीचे, एकट्याने खेळायचे गेम जीओजीवर असतील तर तिथेच घ्यावेत, किंमत थोडी जास्त पडली तरी. शिवाय ३० दिवसांपर्यंत पैसे परत मागण्याची सोयही आहे.

बाकीचे लाँचर

एपिकचं दुकान २०१८ च्या डिसेंबरात उघडलं आणि ते ठेवण्याचं मोठं कारण म्हणजे दर गुरुवारी मिळणारे मोफत गेम. आपल्या घड्याळात ते उन्हाळ्यात रात्री साडेआठला आणि हिवाळ्यात साडेनऊला बदलतात. गेम नावावर करून घ्यायला तो उतरवावा लागत नाही. फोनच्या ब्राउझरवरून काही एमबीत काम होतं. आज नेट नसलं तरी दर आठवड्याला नावावर करत राहा, पुढे फायबर आलं की उतरवा. मोफत गेम घेताना दोन टप्प्यांची पडताळणी मागितली जाऊ शकते, ती आधीच चालू ठेवा.

एक्सबॉक्स अ‍ॅपवरचा गेम पास म्हणजे भाडं. पैसे थांबले की गेम बंद, आणि यादीतले गेमही बदलत राहतात. वेगवान नेट असणाऱ्याला महिन्याला चार नवे गेम चाखता येतात. महिन्याचा अर्धा वेळ एक गेम उतरवण्यातच जाणार असेल तर ते भाडं अंगावर पडतं.

व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमसाठी तो बनवणाऱ्या रायट कंपनीचाच लाँचर लागतो, तिथे निवड नाही. त्याचा चीट रोखणारा प्रोग्राम, व्हॅनगार्ड, मशीन चालू होतानाच सुरू होतो आणि विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या सुरक्षेच्या सोयी मागतो. जुनं, जोडून घेतलेलं मशीन असेल तर विंडोज लेगसी म्हणजे जुन्या पद्धतीने टाकलेलं असू शकतं. डिस्कची मांडणी जुनी, म्हणजे एमबीआर असेल तर ती नवी, म्हणजे जीपीटी करून बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) यूईएफआय ही नवी पद्धत लावावी लागते. हे काम करण्याआधी डेटा दुसरीकडे कॉपी करा. दुकानदाराकडे मशीन नेणार असाल तर ‘विंडोज टाका’ एवढंच न सांगता ‘यूईएफआयमध्ये, जीपीटी डिस्कवर टाका’ असं सांगा.

लाईट आणि उन्हाळा

डाउनलोड चालू असताना लाईट गेली तर स्टीम आणि एपिक दोन्ही पुढे तिथूनच उतरवतात. धोका आहे तो फाइल डिस्कवर लिहिली जात असतानाचा. लाईट आल्यावर गेम उघडत नसेल तर तो काढून पुन्हा उतरवू नका. स्टीममध्ये प्रॉपर्टीज – इन्स्टॉल्ड फाइल्समधून फाइलींची तपासणी करा, एपिकमध्ये गेमच्या तीन टिंबांखाली व्हेरिफाय दाबा. बहुतेक वेळा काही एमबीत काम भागतं.

घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या बाजूला यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाईट जाण्यायेण्याच्या क्षणी मशीन रीस्टार्ट होतं, यूपीएस मोडमध्ये ते तग धरतं. पण यूपीएस मोडला व्होल्टेज नीट लागतं. रब्बीत मोटारी चालू असताना व्होल्टेज १८० च्या खाली जात असेल तर इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर उडी मारतो आणि बॅटरी लवकर संपते. अशा वेळी मशीनपुरता ६०० व्हीएचा यूपीएस वेगळा घ्या आणि राउटरही त्याच्यावर लावा. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर गेम चालू असताना तो काही मिनिटंच टिकतो, तेवढ्यात गेम सेव्ह करून बंद करता येतो.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर असताना दुपारी मोठं डाउनलोड लावू नका. उलगडण्याच्या कामाने प्रोसेसर तापतो, लॅपटॉप वेग कमी करतो आणि तेच काम लांबतं. हे पहाटेवर ढकला.

खातं सांभाळणं

यूपीआयने पैसे गेले आणि गेम आला नाही, तर दुसऱ्यांदा पैसे भरू नका. खात्याच्या खरेदीच्या यादीत व्यवहार ‘प्रलंबित’ दिसतो का बघा आणि थांबा. दोनशे रुपयांत महागडा गेम ‘ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेट’ करून देणारे दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड विकतात. तो बदलला की गेम गेला, आणि तक्रार करायला जागा नसते. मित्राच्या नावाने ‘आमच्या टीमला मत दे’ असा संदेश आला तर त्यातल्या दुव्यावर स्टीमचा पासवर्ड टाकू नका आणि क्यूआर स्कॅन करू नका, ते खातं चोरण्याचं नेहमीचं जाळं आहे. स्टीम गार्ड (लॉगिनची दुसरी पडताळणी) फोनवर लावा आणि त्याचा रिकव्हरी कोड वहीत लिहून ठेवा. फोन हरवला की तोच उपयोगी पडतो.

गेमिंग कॅफेत खेळून उठताना गेम बंद केल्यावर लगेच निघू नका. लायब्ररीत त्या गेमसमोर क्लाउडची (सेव्ह स्टीमच्या सर्व्हरवर चढल्याची) खूण पूर्ण झालेली दिसेपर्यंत थांबा, मग लॉगआउट करा. लाईट गेल्यामुळे सेव्ह वर चढलं नसेल तर पुढच्या वेळी स्टीम विचारतं: या मशीनवरचं ठेवू की क्लाउडवरचं? तिथे घाईत बटण दाबू नका. दोन्हींची तारीख-वेळ लिहिलेली असते, ती वाचा, आणि शंका असेल तर खिडकी बंद करून आधी सेव्हचं फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करून घ्या.